अकरा नावांचं पान

शनिवार, ८ नोव्हेंबर. ईलिंग, लंडन

मी "चालेल" का म्हटलं? सकाळपासून स्वतःवरच चिडचिड होतेय.

आमच्या मेथडिस्ट चर्चच्या प्रदर्शनासाठी मी आईचं पुस्तक दिलंय. तिच्या अमेरिकन मिशनच्या बोर्डिंगमधलं, इंग्रजी, न्यूयॉर्कला छापलेलं. प्रदर्शनाचं सगळं मार्गरेट बघते. तिने ते काचेच्या पेटीत पहिल्याच पानावर उघडून ठेवलं. म्हणाली, "लोकांना छापखान्याचं नाव दिसू दे. शेवटच्या पानावर मुलींनी नुसतं गिरगटून ठेवलंय."

गिरगटून! बोर्डिंगचा नियमच होता. पुस्तक पूर्ण वाचलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने नाव लिहायचं आणि पुढच्या मुलीला द्यायचं. अकरा नावं आहेत, सगळी मराठीत. शेवटचं आईचं, म्हणून पुस्तक तिच्याकडेच राहिलं. आणि मी म्हटलं, चालेल!

येताना बसमधूनच आईला पुण्याला फोन लावला. वाटलं, तीही भडकेल. तर हसून म्हणाली, "माझ्या नावाखाली जागा आहे अजून. तू वाचलंस का गं ते?"

नाही वाचलं. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं दाखवलं.

ठरलं. उद्या चर्चमधली रविवारची सर्व्हिस संपली की पुस्तक घरी आणायचं. प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे, तोवर वाचून होईल. मग बारावं नाव माझं. पेटीत मीच ठेवणार, त्याच पानावर उघडून.

मार्गरेट कुरकुरली तर तिलाही वाचायला देईन. पेन्सिलीसकट.