त्या पस्तीस मिनिटांविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसाय बाळंतपणातली सोबत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. झोप लागते का, हे विचारले नाही. माझे हृदय निम्मेच काम करते आणि ते फार दिवस करणार नाही, हेही त्यांनीच सांगितले.

व्यवसायाचा खुलासा करते, कारण लोकांचा घोटाळा होतो. मी सुईण नव्हे आणि परिचारिकाही नव्हे. तपासणे, औषध देणे, मूल बाहेर काढणे हे माझे काम नव्हते. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसायचे, कंबर चोळायची, श्वास मोजायचा, घोट घोट पाणी पाजायचे, आणि तिला जे होते आहे ते तिच्या वतीने डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या कानावर घालायचे. यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. एकतीस वर्षे केले. सगळे मला मावशी म्हणतात.

कलम एक. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ थोरल्या भावाला द्यावे. वडील गेल्यापासून तो ते आपले आहे म्हणून सांगत आला. माझ्या कामाला तो ‘दुसऱ्यांच्या पोरांची उठाठेव’ म्हणत असे. घड्याळ रोज वीस मिनिटे मागे पडते, हे त्याला आधी सांगू नये.

कलम दोन. गरम पाण्याच्या दोन पिशव्या, बुटके स्टूल, सेकंदकाट्याचे मनगटी घड्याळ आणि माझी वही मी शिकवलेल्या मुलीला द्यावी. आता ती माझ्या जागी उभी राहते. तिला एवढेच सांगावे: कळ येते आणि जाते. आलेली कळ गेली नाही, की मानापमान गुंडाळून ठेवायचा आणि धावत सुटायचे. हे मी तिला पहिल्याच दिवशी शिकवले. मला ते कोणी शिकवायची गरज नव्हती.

कलम तीन. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला.

कलम चार. हे कलम काढा, असे वकिलांनी तीनदा सुचवले. ते म्हणाले, “मावशी, हे मृत्युपत्रात येत नाही.” मी विचारले, “मग कशात येतं?” ते चष्मा पुसू लागले. कलम इथेच राहील.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीची मुलगी, माझी एकुलती एक भाची, पहिल्या बाळंतपणाला रुग्णालयात दाखल झाली. सोबतीला मीच. ती माझी, म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त घाबरले होते. सकाळपासून मी वॉर्डातल्या परिचारिकेला दोनदा विनाकारण बोलावले. दोन्ही वेळा ती आली, तपासून गेली. दुसऱ्या खेपेला इतर बायकांसमोर म्हणाली, “मावशी, तुम्हीच अशा घाबरलात तर पोरीनं काय करायचं?” बायका हसल्या. मला ते फार लागले.

जेवणाच्या सुमाराला भाची म्हणाली, “मावशी, आता कळ जातच नाहीये. पोट दगडासारखं झालंय.”

मी हात लावून पाहिला. पोट दगडासारखेच होते. याचा अर्थ मला माहीत होता.

मी म्हटले, “अगं, पहिलं बाळंतपण आहे, असंच वाटतं. श्वास घे.”

परिचारिका वीस पावलांवर टेबलाशी बसली होती. मी उठले नाही. आणखी एकदा हसे करून घ्यायचे नव्हते, बाकी काही नाही. मनगटावरच्या घड्याळात पस्तीस मिनिटे मोजली. मग चादरीवर रक्त दिसले आणि परिचारिका स्वतःहूनच धावत आली. भाची वाचली. मुलगी गेली. गर्भाशय काढावे लागले.

चौकशीत मी लिहून दिले की पोट दगडासारखे होताच मी दारातून हाक मारली आणि परिचारिका वळलीही नाही. ती एवढेच म्हणाली, “मला ऐकू आलं नाही.” भाचीला त्या पस्तीस मिनिटांतले काही आठवत नव्हते आणि बाकीच्या बायकांना कोणी विचारले नाही. परिचारिकेला काढून टाकले. ती आता इस्त्रीच्या दुकानात काम करते.

भाची लोकांना सांगते, “मावशी होती म्हणून मी जिवंत आहे.” दर रविवारी येते, माझ्या गोळ्या वारानुसार डबीत भरते, माझी नखे कापते. मुलीचे नाव काय ठेवणार होती, ते तिने फक्त मला सांगितले आहे. जिवंतपणी तिला खरे सांगणे मला जमले नाही. ती यायची बंद झाली तर गोळ्या कोण भरेल, असाही विचार मनात आला होता. तोही लिहून ठेवते.

हे कलम माझ्या भावाबहिणींसमोर आणि भाचीसमोर मोठ्याने वाचावे. एक प्रत रुग्णालयाला पाठवावी.

कलम पाच. राहते घर, मागच्या खोलीसह, वर सांगितलेल्या परिचारिकेला द्यावे.

हे कलम खोडले आहे. इथून पुढचे मी इस्त्रीच्या दुकानात बसून हाताने लिहीत आहे. आज दुपारी वकिलांना घेऊन मी तिच्याकडे आले. तिने इस्त्री उभी केली आणि चौथे कलम उभ्यानेच वाचले.

“म्हणजे तुम्ही हाक मारलीच नव्हती?”

“नाही.”

“मी कान तपासून घेतले, मावशी. दोन ठिकाणी. दोघेही म्हणाले, कान चांगले आहेत. तरी माझा विश्वास बसेना.”

मी घराचे सांगितले. तिने वकिलांना विचारले, “साक्षीदाराला यातलं काही घेता येतं का?”

वकील म्हणाले, “नाही. साक्षीदाराचा हक्क जातो.”

“मग पेन द्या. साक्षीदार म्हणून मी सही करते.”

म्हणून घर आता भाचीला. चौथे कलम ऐकल्यावर तिला ते नको झाले, तर तिने त्याचे काय वाटेल ते करावे. माझी काही इच्छा नाही.

सही करण्यापूर्वी परिचारिकेने आणखी एक ओळ लिहायला लावली. तिच्याच शब्दांत लिहिते: “मी हे वाचलं आणि यांनी माझ्यासमोर सही केली, एवढंच लिहा. माफ केलं, असं लिहू नका.”

स्थळ: इस्त्रीचे दुकान. तारीख अकरा, मंगळवार, दुपारी सव्वातीन.

मृत्युपत्र करणारी: सही (मावशी)

साक्षीदार एक: सही (पूर्वीची परिचारिका, प्रसूती वॉर्ड)

साक्षीदार दोन: सही (वकील)