मेंढराच्या चार काखा

ता. ६ जानेवारी १९३३, सोलापूर
पुण्याहून निबंध परत आला. तिथल्या भाषाशास्त्र सभेचे प्रो. लिहितात, 'ध्वनी जुळतात, अर्थ जुळत नाही. काख कुठे आणि खुबा कुठे! जिवंत बोलीतला पुरावा असल्यास जानेवारीअखेर पाठवावा, मग सभेत वाचण्याचा विचार करू.'
दोन वर्षांची मेहनत. संस्कृत कक्ष, आपली काख. लॅटिनमध्ये तेच कोक्सा होऊन बसले, अर्थ खुबा. जुन्या आयरिशात कोस, म्हणजे चक्क पाय. जर्मनांकडे जनावराच्या मागल्या पायाची खोबण. घराणे एकच, यात मला तिळमात्र शंका नाही. पण शब्द काखेतून निघून पायापर्यंत गेला कसा, याला उत्तर नाही, हेही खरे.
शा. बु. (आमचे मुख्य संस्कृत शिक्षक शास्त्रीबुवा, मी त्यांच्या हाताखाली) टीचर्स रूममध्ये सर्वांदेखत म्हणाले, "काय मास्तर, काखेतून शब्द निसटला वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. राग आला होता.

ता. ८
दिवसभर कोश. हाती काही नाही. सौ. म्हणाली, "जेवताना तरी काख बाजूला ठेवा."

ता. १५, रविवार, मंद्रूप
सकाळच्या मोटारीने गावी आलो. संक्रांतीचे तिळगूळ द्यायला, म्हणजे खरे तर डोके निववायला.
आबा (माझे वडील) मेंढरांच्या वाड्यावर. परवापासून कातरणी, म्हणून एकेक मेंढरू गुडघ्यात धरून गोचीड काढत होते. डोळे दुसरीकडेच, अंगठा लोकरीत. मी एक कोकरू धरून दिले. पुढचे पाय बघून सोडणार, तोच ओरडले, "आरं, चारी काखा बघितल्याबिगर सोडतोस व्हय?"
मी म्हटले, "चारी?"
"मंग? मेंढराला पाय किती? पुढल्या दोन, मागल्या दोन. गोचीड ऊब बघतोय, तुजं शास्तर न्हाय बघत."
माझा अंगठा धरून त्यांनी पुढल्या पायाच्या बेचक्यात घातला, मग मागल्या. सारखीच खोबण, सारखीच ऊब. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते लोकरीच्या धुळीवर ढकलले.
हे मला ठाऊक होते. दहा वर्षांचा होईपर्यंत मी रोज चारी काखा बघत होतो! शिकायला सोलापुरात आलो, बोर्डिंगात माझ्या बोलण्याला हसले, तेव्हा एकेक शब्द टाकत गेलो. त्यात हाही टाकला. आणि मग रोम काय, आयर्लंड काय, सगळीकडे हिंडून आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो माझ्यासारख्यालाच उद्देशून.

ता. १७
काल-आज मिळून पुरवणी लिहून काढली. काख हा अवयव नव्हेच मुळी. पाय किंवा हात धडाला जिथे मिळतो, ती उबदार खोबण म्हणजे काख. ज्या लोकांचे सारे धन चार पायांवर चालत होते, त्यांनी ती हाताने चाचपून नाव दिले. पुढे रोमनांनी मागली ठेवली, आपण पुढली, आयरिशांनी खोबणीबरोबर पायही उचलला. मंद्रुपात अजून चारी शाबूत आहेत. लिहिताना छाती फुगली, खोटे कशाला बोलू.
शा. बु. यांनी दोनदा वाचले. चष्मा काढला. "मास्तर, सापडलं तुम्हाला." टोमणा नाही, काही नाही. मग म्हणाले, "पण सांगितलं कुणी? पुण्याचे लोक विचारतील."
"मंद्रूपचा एक मेंढपाळ."
"मग 'एका मेंढपाळाकडून ऐकले' एवढं पुरे."
नऊ वर्षे त्यांना वाटते की माझ्या वडिलांची शेतीवाडी आहे. मीच तसे सांगितले होते. दोन एकर माळ आहे, म्हणजे अगदीच थाप नव्हे. 'एका मेंढपाळाकडून' लिहिले.

ता. १९
चैन नाही. लॅटिन कोशाचे पान देतो, ओळ देतो. आबांचे नाव देत नाही.

ता. २२, रविवार
बाजारात नातेपुत्याकडचा एक मेंढपाळ भेटला. मुद्दाम विचारले. म्हणाला, "न्हाय बा. काख पुढं. मागं जांघ. चार काखा कुटं ऐकल्या न्हाईत."
घरी आलो तो तोंड पाडूनच. म्हणजे पुरावा एकट्या आबांचा. हे पुण्याला न कळवले तर कोण बघायला येणार आहे, असेही मनात आले. सौ.ला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग न्हाय म्हणाला ते पण लिहा. आणि एकाच माणसाचा शब्द असला तर त्याचं नाव नको?"

ता. २४
लिहिले. तळटिपेत, 'सांगणारे: धोंडीबा, मुक्काम मंद्रूप, धंदा मेंढपाळ, निबंधलेखकाचे वडील.' खाली नातेपुत्याचा नकारही. शा. बु. यांच्यापुढे ठेवले.
त्यांनी कागद खाली ठेवला. मग, "नऊ वर्षं लपवलंत?"
"व्हय," तोंडातून निघून गेले. सावरायला गेलो, सावरले नाही.
ते म्हणाले, "हे तळटिपेत नको. वर मजकुरात घ्या."
दुपारच्या टपालाने रवाना.

ता. ७ फेब्रुवारी
आबा नव्या पेठेत घोंगड्या घेऊन आले होते, तिथून थेट शाळेत. शिपायाने दारात अडवले. मी जिन्यावरून पाहिले. पूर्वीचा मी असतो तर मागच्या दाराने नेले असते. आज पुढच्या दाराने आणले, सगळ्या टीचर्स रूमला ऐकू जाईल असे म्हणालो, "हे माझे वडील." शा. बु. उठले, आपली खुर्ची दिली. आबा बसेनात. "न्हाय जी, घोंगडी मळकी हाय." शेवटी बसले.
निबंधाची नक्कल दाखवली. आबांना अक्षर येत नाही. मी नावावर बोट ठेवले, त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आजवर इतका अभिमान मला कशाचा वाटला नव्हता. माझ्या बी.ए.चाही नाही.

ता. २६, रविवार, मंद्रूप
पुण्याचे पत्र नाही. सभा दोन आठवड्यांवर. शा. बु. म्हणतात, नातेपुत्याचा नकार लिहायला नको होता. मग म्हणतात, बरे केलेत.
आबांनी विचारले, "कागूद आला का?"
"नाही. नातेपुत्याचा माणूस नाही म्हणाला, ते नडेल बहुतेक."
आबा एक मेंढी गुडघ्यात धरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्येंच्या मेंढरांचं त्येंला म्हाईत. आन् कागूद न्हाई आला म्हनून आपली एक बी काख कमी व्हत न्हाय. धर, मागल्या दोन ऱ्हायल्यात."