पिस्तुलाच्या क्लासला घाई नको

शनिवार, ४ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. डोकं साफ राहतं.
प्रश्न साधा आहे. अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागतो, परवान्याला आठ तासांचा क्लास लागतो, आणि क्लास चांगला असून परवडणारा हवा. पिस्तूल ऑगस्टमध्येच घेतलं. शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी शिरलं होतं. (रॅकून नावाचं रानजनावर निघालं. पण ते नंतर कळलं.) ठेवलं ब्रेडच्या डब्यात, कारण चोर तिथे बघत नाही. ब्रिया बघते. सहा वर्षांची नात, तिला टोस्ट हवा होता. पिस्तूल रिकामं होतं. म्हणजे एक गोळी होती, पण ती माझ्या लक्षात नव्हती.
मुलगी जोलीन ते अजून धरून बसली आहे. आज म्हणाली, बाबा, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतर हॉस्पिटलात माझी शनिवार-रविवारची रात्रपाळी सुरू होते. तोवर तू नीट क्लास केलास तर ब्रिया तुमच्याकडे झोपेल, नाहीतर क्रेगच्या आईकडे. आणि नीट म्हणजे नीट, दुपारी जेवायच्या आत उरकणारा नको.
क्रेग म्हणजे जावई. विहीणबाईंच्या सोसायटीत गरम पाण्याचा पोहायचा तलाव आहे.
बायकोने, मार्लिसने, लहान तिजोरी आणली. किल्ली तिच्याकडे. तात्पुरती.
संकल्प: आठवड्याच्या आत क्लास ठरवणे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
पर्याय बघितले.
एक, काळा चष्मा आणि दाढीवाला माजी सैनिक. व्हिडिओत तो गाडीच्या टपावरून लोळत खाली येतो आणि लोळतानाच गोळ्या झाडतो. पावणेचारशे डॉलर. माझा गुडघा बघता नको. किंमत बघता तर नकोच.
दोन, टीगबाई. शाळेतून निवृत्त. जोलीनला चौथीत शिकवायच्या. एकशे चाळीस, त्यातच नेमबाजीच्या रेंजची फी आणि आवाज अडवायला कानाला लावायचं. एका वेळी आठच जण.
मार्लिस म्हणाली, हाच घे. मी म्हणालो, तुलना केल्याशिवाय वस्तू घेऊ नये. ती म्हणाली, मीही लग्नाआधी तुलना करायला हवी होती.
बर्फ उडवायचं यंत्र मी दोन हिवाळे बघून घेतलं. आज गल्लीत तसं कोणाकडे नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. टीगबाई दिसल्या. ताट घेऊन शेजारी बसलो. चांगला क्लास ओळखायचे प्रश्न पाठ करून गेलो होतो: रेंजवर एका शिक्षकामागे किती नेमबाज, कायद्याचा भाग कोण शिकवतं, आतापर्यंत किती जण नापास केले.
बाईंनी सगळी उत्तरं दिली आणि मला एकच विचारलं, पिस्तूल कुठे ठेवता. मी म्हणालो, सुरक्षित जागी. त्या म्हणाल्या, म्हणजे कुठे. मी म्हणालो, बदलत असते.
बाईंनी काटा खाली ठेवला. म्हणाल्या, ड्वेन, अठराला एक जागा आहे, या.
ज्येष्ठांना काही सवलत आहे का ते विचारलं. म्हणाल्या, माझ्याकडे ज्येष्ठच येतात.
विचार करून कळवतो म्हणालो. उतावळेपणा दाखवला की भाव वाढतो.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
कळवलं नाही. त्यांचा फोन येईल असं वाटलं होतं.
मित्र आर्लो हार्डवेअरच्या दुकानात भेटला. त्याचा मेहुणा स्किप क्लास घेतो. साठ डॉलर, वर जेवायला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा. मी विचारलं, आठ तास होतात का. आर्लो म्हणाला, लेका, चिली खाऊन झाल्यावर आठच काय, दहा तास झाल्यासारखे वाटतात.

शनिवार, २५ ऑक्टोबर
स्किपचा क्लास केला. जागा: मासे धरायच्या आमिषाच्या दुकानामागचा खडीचा खड्डा. कायद्याचा भाग स्किपने उभ्या उभ्या सांगितला. म्हणाला, आधी भांडू नका, नंतर वकील करा. प्रत्येकी पाच गोळ्या. माझ्या तीन निशाणाच्या कागदाला लागल्या, एक बहुतेक शेजाऱ्याच्या कागदाला. चिली उत्तम. बाराच्या आत घरी.
प्रमाणपत्र मिळालं. जोलीनला फोन केला. ती म्हणाली, आता बारा वाजलेत, बाबा. मी म्हणालो, मी लवकर शिकतो.

सोमवार, २७ ऑक्टोबर
परवान्यासाठी काउंटी क्लार्कच्या खिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी प्रमाणपत्र बघितलं, मग मागच्या बाईंना दाखवलं. दोघी म्हणाल्या, स्किप. त्याची शिकवायची मुदत कधीच संपली आहे.
साठ डॉलर गेले असं मी म्हणणार नाही. खराब क्लास कसा असतो ते आता मला आतून माहीत आहे.
मार्लिसने टीगबाईंचा नंबर माझ्यापुढे ठेवला. हे बरं लक्षण नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
टीगबाईंना फोन केला. नोव्हेंबरचे त्यांचे दोन्ही शनिवार भरले. वाट बघणाऱ्यांत नाव घालू का म्हणाल्या. मी म्हणालो, गरज पडणार नाही.
पडणार नाहीच. हायवेवरच्या मोठ्या रेंजवर पंधरा तारखेला निम्म्या दरात क्लास आहे आणि सगळ्या जागा रिकाम्या. का, ते मला ठाऊक आहे: पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळी काउंटी झाडावर चढून बसलेली असणार. शिक्षक एक, विद्यार्थी मी. इतका विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही.
जोलीनला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, ब्रिया कुठे झोपणार ते ठरवून मला पाळ्यांचं या आठवड्यात कळवायचं आहे. मी म्हणालो, पंधराला काम झालं समज.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी
रेंजच्या दाराला कुलूप. काचेवर चिठ्ठी: शिकारीला गेलो आहे. शिक्षकाने स्वतः लिहिलेली, खाली सही.
गाडीत बसून राहिलो. लांबून जंगलातले बार ऐकू येत होते. एक बहुतेक त्याचाच असेल.
घरी आलो. मार्लिसने सकाळी दिलेल्या तिजोरीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. दिली.
मग टीगबाईंना फोन केला. सवलतीचं काढलं नाही. म्हणाल्या, बावीसला एकाने नाव मागे घेतलं आहे, आठ वाजता या, पेन आणा.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच.
सगळ्यांनी आपलं पिस्तूल घरात कुठे ठेवतो ते सांगायचं होतं. पलंगाखाली, कपाटात, गाडीत. माझी पाळी आली. म्हणालो, ब्रेडच्या डब्यात. कोणीतरी हसलं. बाईंनी विचारलं, घरात मूल येतं का. म्हणालो, नात. पुढे त्यांनी काही विचारलंच नाही, तरी गोळीचं सांगून टाकलं. कसं सांगितलं गेलं माहीत नाही. पुढच्या बाकावर एक तरुण आई होती; तोवर माझ्याकडे वळून बघत होती, ती समोर बघायला लागली.
इथे गोळी कशी राहिली त्याचं कारण लिहायला घेतलं होतं. खोडलं.
रेंजवर घाईघाईने पिस्तूल उचललं. बाई मागे उभ्या राहून म्हणाल्या, बोट चापाबाहेर, श्वास घ्या, कोणी पाठीमागे लागलेलं नाही. पास झालो. जेमतेम, पण बाई म्हणाल्या की जेमतेम पास होणारे जास्त काळजी घेतात.
चांगला क्लास होता. पहिल्या आठवड्यातच मिळत होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्की उत्तम झाली. विहीणबाईही होत्या.
जेवणानंतर जोलीनला प्रमाणपत्र दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, छान केलंस, बाबा. ब्रियाच्या चित्रांना म्हणते तसंच. मग ते फ्रिजवर चुंबकाने लावलं.
मी म्हणालो, मग परवापासून ब्रिया आमच्याकडे. जोलीन म्हणाली, पाळ्या महिन्याच्या सुरुवातीलाच ठरल्या, बाबा. क्रेगच्या आईने तिच्यासाठी खोली रंगवली. पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. आता वसंतापर्यंत असंच चालू दे.
विहीणबाई म्हणाल्या, जवळच होता हो तो क्लास, आणि स्वस्तही. पहिलाच बघितला आणि घेऊन टाकला.
ब्रिया निघताना बूट घालत होती. म्हणाली, आजोबा, शनिवारी मी पाण्यात उडी मारणार आहे, तू ये ना बघायला. आजोबा-आजींनाही पाण्यात यायचं असतं.
मी म्हणालो, बघतो.
मार्लिस माझ्याकडे बघत होती. म्हणालो, येतो.
पोहायची चड्डी नाही. उद्या सगळीकडे सवलती आहेत. दुकानं तीनच आहेत, तिन्ही बघून ठरवतो.