फटफटीचा आडोसा

१२ डिसेंबर १९३८, सोमवार. हिंगोली

सकाळी चहा शर्टावर सांडला. दुसरा घोटही तसाच ओठाच्या कोपऱ्यातून खाली. सुशीला बघत होती. म्हणाली, "अहो, जरा हसा बरं." हसलो. ती उठूनच उभी राहिली. आरसा आणून समोर धरला.

डावी बाजू मेलेली. भुवई, गाल, ओठ, सगळं लोंबतंय. उजवीकडे हसणारा मी, डावीकडे भलताच कोणी. डोळा मिटून पाहिला. मिटला नाही. नुसतं पांढरं दिसलं.

दोन दिवस गाल जड, डोळ्यातून पाणी; दात दुखतो म्हणून मफलर गुंडाळून फिरत होतो. पेशंटांनाही तेच सांगितलं. म्हणे डॉक्टर.

१४ डिसें.

पुस्तक काढलं. चेहऱ्याच्या शिरेचा लकवा. सहसा महिना-दोन महिन्यांत सुटतो. सहसा.

तोंड वाकडं राहिलं तर राहो, भीती डोळ्याची. पापणी मिटत नाही. धूळ गेली की जखम, जखमेवर फूल, मग डोळा गेला. एरंडेलाचा थेंब घालून वर पट्टी. पट्टी बांधून फटफटी काढली तर अंतराचा अंदाज येईना, एका म्हशीच्या अंगावरच जात होतो. गॉगल ढिल्या गालावर बसत नाही, फटीतून वारं आत येतं.

सुशीला म्हणते, फटफटी बंद. बैलगाडीनं एका गावाला एक दिवस. गोरेगावात लोहाराची सून आठव्या महिन्यात, पाय सुजलेले. तिला काय सांगू?

१६ डिसें.

करीमभाईकडे गेलो. बाजारात पत्र्याचं दुकान, रॉकेलच्या डब्यांपासून कंदील, चाळण्या, नरसाळी करतात. साठीचे असतील. डोळ्यांवर कायम काळा चष्मा. बायको फातिमाबी शेजारी बसून कात्री, खिळे हातात देत असते. दुकानात तिसरं कोणी नाही.

म्हटलं, फटफटीला वाऱ्याचा आडोसा पाहिजे. तोंडापुढे एक पत्रा, दोन पायांपुढे दोन. तोंडापुढच्यात बघायला खिडकी.

माझ्या तोंडाकडे बघून काहीच बोलले नाहीत. गावात हे पहिलेच. बरं वाटलं. फटफटी मात्र हातानं नखशिखांत चाचपली, जनावर विकत घेतात तशी.

"झालं समजा, डाक्टरसाब. वाऱ्याची काय मजाल?"

२१ डिसें.

आडोसा बसला. दाराएवढा रुंद, सरळ उभा, हँडलवर नट लावलेल्या पट्ट्यांच्या दोन कानांनी आवळलेला. खिडकीला वाशीमच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं जुन्या पडद्यातला सेल्युलॉइडचा तुकडा दिला. पिवळट आहे, पण दिसतं. कडा सगळ्या तारेवर वळवलेल्या, बोट फिरवलं तर कुठं लागत नाही. बाजार गोळा झाला होता. कोणी म्हणालं, "डाक्टर कपाटात बसून चालले." हसलो, अर्ध्या तोंडानं.

२३ डिसें.



सेनगावच्या पुढं माळावर बाजूनं वारं आलं. हँडल हातातून कोणी हिसकून घ्यावं तसं गेलं. रस्ता सुटला, तुरीच्या रानात उताणा. फटफटी एका बाजूला ओरडतेय, पत्रा वाकून गळ्यावर आलेला. कड वळवलेली नसती तर आज हे लिहायला मी नसतो. गळ्याला नुसता लाल वळ.

मेंढ्या चारणारा एक म्हातारा धावत आला. पट्टी, वाकडं तोंड, गळ्यावर पत्रा बघून लांबच उभा राहिला. "माणूस हायेस न्हवं?" म्हणाला.

"व्हय," म्हटलं, तेव्हा हात दिला.

गोरेगावला गेलो नाही. जाऊ शकलो नाही.

२६ डिसें.

करीमभाईंना पडल्याचं, लोहाराच्या सुनेकडे जाता न आल्याचं सांगितलं. पत्रा मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवत बसले. चेहरा उतरलेला. मग म्हणाले, "चूक झाली. वाऱ्याला अडवायचं न्हाई, त्याला वाट द्यायची." आता अरुंद, मागं झुकलेला, मध्ये फुगीर, खाली दोन भोकं. भार हँडलवर नाही, खाली सांगाड्यावर.

सुशीला दोन दिवस बोलत नाही.

३० डिसें., शुक्रवार

काय लिहू. 

सकाळी दुकानात गेलो. फातिमाबी पाण्याला गेलेली. नवा आडोसा ठोकळ्यावर उभा. खिडकीला नवीन सेल्युलॉइड, ओरखडे पडू नयेत म्हणून ड्रायव्हरनं वर अख्खा जाड कागद चिकटवून दिलेला, तो अजून तसाच. मी म्हणणार होतो, कागद काढा. तोवर करीमभाई वाकले, कागदाला नाक लावून म्हणाले, "वा! एकदम साफ. समोरचं लिंबाचं झाड बराबर दिसून राहिलं."

मी कागदाकडे बघितलं, मग त्यांच्या चष्म्याकडे. 

"काहून बोलत न्हाई, डाक्टरसाब?"

पुढे होऊन त्यांचा चष्मा काढला. विचारलंही नाही. दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या.

मोतीबिंदू. पिकलेले. मी दोन आठवडे या माणसासमोर बसून माझ्या डोळ्याचं रडगाणं गात होतो!

फातिमाबी दारात आली, हातातली घागर खाली ठेवायची राहिली. तिनंच सांगितलं. सहा वर्षं. खूण ती करते, कापतात ते. बोटांना सगळं कळतं. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण येईल, म्हणून चष्मा.

मग माझ्या डोक्यात आलं. विचारलं, "त्या दिवशीचा पत्रा?"

 करीमभाई खाली मान घालून, "डावा कान ढिला लागला होता हाताला. दुसऱ्यांदा आवळायला पाहिजे होता. लोक जमले होते. बोललो न्हाई."

काय काय बोललो त्यांना, लिहवत नाही. निघून आलो.

३१ डिसें.

सुशीलेला सगळं सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. पत्रा गळ्यावर आला होता माझ्या.

म्हणाली, "गळा कापला असता, त्यांची चूक आहेच. पण तुम्ही दोन दिवस दात दुखतो म्हणत होतात. त्या दोन दिवसांत तुम्ही किती जणांना इंजेक्शनं दिलीत, एक डोळा पाण्यानं भरलेला असताना?"

चार.

२ जाने. १९३९

गेलो. करीमभाई उठून उभे राहिले. मी म्हटलं बसा. दिवा घेऊन डोळे तपासले. दिवा उजवीकडे नेला की "इकडं," वर नेला की "वर." बराबर सांगतात. म्हणजे आतला पडदा शाबूत. ऑपरेशन होईल. हैदराबादला सरकारी दवाखान्यात.

"न्हाई," म्हणाले.

"का?"

"माझ्या भावाच्या डोळ्यातला मोतीबिंदू फिरत्या वैदूनं सुई घालून काढला. आठ दिवस ओरडत होता. तो डोळा गेला, मग दुसराही. मला एवढं तरी कळतं, दिवस का रात्र."

मी दवाखान्यातल्या ऑपरेशनचं समजावलं. ऐकत होते, पण मान हलेना.

एवढ्या वर्षांत फातिमाबीला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. आज म्हणाली, "सहा साल मी तुमचे डोळे झाले. मी मेल्यावर कोण व्हणार? मी नेऊन राहिले तुमाला. डाक्टरसाब, चिठ्ठी द्या."

करीमभाई इतकंच म्हणाले, "आधी आडोसा पुरा करतो. अर्धं काम ठेवून जाणार न्हाई."

५ जाने.

आज चार तास त्यांच्यासोबत. चष्मा नाही. उघड विचारत होते, "किती? अजून? दाखवा बोट ठेवून." मी बोट ठेवायचं, ते भोक पाडायचे. प्रत्येक नट तीनदा आवळला, मग माझ्याकडून एकदा. बाजारात माणसं थबकून बघत होती. एक जण, "अरे, हे तर..." म्हणून पुढे गेला. करीमभाईंच्या कानशिलावरची शीर उडत होती, हात थांबला नाही.

७ जाने.

गोरेगावला जाऊन आलो. माळावर तेच वारं. आडोशाच्या दोन्ही बाजूंनी निघून गेलं, हँडल जागेवर. डोळा कोरडा झाला नाही, लाल नाही.

लोहाराची सून मात्र. पोचलो तेव्हा झटके सुरू झालेले. लेकरू जगलं, मुलगी. आई गेली दुपारी. सासू म्हणाली, "मागच्या आठवड्यात वाट पाहिली तुमची."

तुरीच्या रानात पडलो होतो त्यानंतरचा आठवडा.  

९ जाने.

फातिमाबी, करीमभाई हैदराबादला जायला आगगाडीत बसले. सुशीलेनं भाकरी-चटणी बांधून दिली. गोरेगावचं करीमभाईंना सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्यांनीच विचारलं, "ती लोहाराची सून?"

सांगितलं.

गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून बसले होते. तोंड माझ्याकडे नाही, सरळ समोर.

२० जाने.

डाव्या भुवईत आज बारीकशी हालचाल. सुशीलेला बोलावून दाखवली. ती रडायलाच लागली. मला मात्र आनंद होईना.

४ फेब्रु., शनिवार

हैदराबादहून फातिमाबीचं पत्र. कोणाकडून तरी उर्दूत लिहून घेतलेलं. माझं शिक्षण उर्दूत झालं म्हणून वाचता आलं, पण तीनदा वाचलं, खरं वाटेना.

उजवा डोळा झाला. आठ दिवस डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. मग पट्टी सुटली. डॉक्टरनं डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. ती समोर उभी होती, मुद्दाम गप्प. करीमभाई बघत राहिले, बघत राहिले. मग विचारलं, "ही म्हातारी कोण?"

ती बोलली तेव्हा आवाजावरून ओळखलं. तिचे सगळे केस या सहा वर्षांत पिकले, ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिनंही नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. जेवत नाहीत. दुसरा डोळा करू देत नाहीत. म्हणतात, "जेवढं दिसलं तेवढं पुरे."

शेवटी लिहिलंय, "डाक्टरसाब, तुमीच सांगा. दुसऱ्या डोळ्याचं करू, का यांना घेऊन येऊ?"

सुशीलेला वाचून दाखवलं. तिनं नकळत स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेली.

कागद समोर घेऊन बसलोय. "फातिमाबी यांस" एवढं लिहून झालं.