सपाट धरलेली पृथ्वी

मी, दीनानाथ केशव टिळेकर, वय एकाहत्तर, सर्वेक्षण खात्यातून निवृत्त, राहणार नोएडा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण कंटाळलेला, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. याआधी तोंडी जे काही कबूल केलं असेल, ते रद्द समजावं.

१. लहान जागा मोजताना पृथ्वी सपाट धरली तरी चालते, चूक डोळ्यांत भरत नाही. अंतर वाढलं की मात्र तिची गोलाई हिशेबात घ्यावीच लागते. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी दोन खोल्यांत आमचं सगळं सपाट धरून निभावलं. आता मुलगा जयंत गुडगावला, मुलगी वासंती टोरांटोला, आणि फोनवर दोघं अजून तेच माप लावतात. "बाबा, तुमच्यानंतर फ्लॅट विकू. आई सहा महिने इथे, सहा तिथे. बिल्कुल फेअर!" अरे, आई म्हणजे काय प्लॉट आहे?

२. म्हणून फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी अलकनंदा हिची, एकटीची. तिने विकावा, भाड्याने द्यावा, नाहीतर दार लावून दुपारभर झोपावं. मुलांना विचारायची गरज नाही.

३. काळा रंग दिलेला पृथ्वीगोल नात पूर्वीला. त्यावर खडूने ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेषा काटकोनात उतरवाव्यात. विषुववृत्तासकट जो त्रिकोण होईल, त्याचे तिन्ही कोन काटकोन निघतील. शाळेतले सर नाही म्हणाले तर भांडू नये, कागदापुरतं त्यांचंही खरं आहे. हे मीच दाखवणार होतो, पण हल्ली उठवत नाही.

४. खात्यातला मित्र मुरलीधर. सूर्याजवळून जाताना ताऱ्याचा उजेड वळतो, कारण तिथलं अवकाशच वाकलेलं असतं, हे त्याला समजावता समजावता माझी हयात गेली. तो म्हणे, "दिन्या, आधी गाझियाबादची हद्द सरळ काढ!" त्याला काही देऊ नये. अच्छा, दारामागची छत्री द्यावी, त्याचीच आहे.

५. माझ्यामागे अंत्यविधीला वासंतीसाठी थांबू नये. विमान ध्रुवाकडून आलं तरी लांबच पडतं. तिने रडू नये, एवढंच.

६. हे सगळं अलकनंदाला वाचून दाखवलं. मटार सोलता सोलता तिने ऐकलं. म्हणाली, "पाहुणी होऊन मी कुठेच जाणार नव्हते. पण अहो, ते दुसरं कलम पुन्हा वाचा. कुठल्या कागदावर माझं नाव असं एकटं कधी आलंच नव्हतं."

मला फार वाईट वाटलं. पुन्हा वाचलं.

स्वाक्षरी: दी. के. टिळेकर

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
दत्तात्रय सबनीस
भानुमती चिटणीस, शेजारी

नोएडा, १९ जानेवारी १९९७