बी बाजूची सव्वाचार मिनिटं

अण्णा, परवा पुण्याहून खोकं आलं. आत कॅसेटी बारा, टेपरेकॉर्डर एक, त्याची वायर कुरतडलेली, तुमचा चष्मा एका काचेचा, आणि दुकानातली ती पितळी घंटी. पार्सलचे दोनशे ऐंशी तुमच्या धाकट्यानं दिले नाहीत, माझ्याकडून घेतले. टेपचा पट्टा आणि वायर बदलायला रविवार कारंज्यावरच्या म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं साडेतीनशे घेतले. आधी पाचशे म्हणाला होता. मी म्हटलं, "मी कॅसेट भरणाऱ्याची मुलगी आहे, पट्टा केवढ्याला येतो मला ठाऊक आहे." तर हसला. म्हणाला, "बाई, आता पट्टा मिळतो कुठं? जुन्या मशीनचा काढून बसवतो, तेव्हा हे गाणार." असो. मशीन गातंय. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तुमचं दुकान विकून नऊ वर्षं झाली. तुम्हाला जाऊन एकवीस. माल धाकट्यानं कधीच भंगारात घातला होता, पण तुमच्या वरच्या फळीवरच्या कॅसेटी त्यानं का कोण जाणे ठेवल्या होत्या. आता तो घर बदलतोय, म्हणून माझ्याकडे पाठवल्या. वरची फळी म्हणजे काय ते नाशकातल्या तेव्हाच्या गिऱ्हाइकाला सांगावं लागत नसे. लोक गाण्यांच्या याद्या घेऊन यायचे, तुम्ही रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायचात, आणि यादी वाचतावाचता त्यांच्याशी भांडायचात. "हे चौथं काढा. पडेल आहे." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो अण्णा, बायकोला आवडतं." तुम्ही म्हणायचात, "मग बायकोला घेऊन या, तिला सांगतो." पूर्ण ऐकून ज्यात एकही पडेल गाणं सापडलं नाही, अशीच कॅसेट वरच्या फळीवर जायची. आणि तिथं जायच्या आधी तुम्ही चिमट्यानं तिच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडायचात. त्या मोडल्या की कॅसेटीवर परत काही भरता येत नाही. आहे ते तसंच राहतं. मी लहान असताना मला वाटायचं, देवाची प्राणप्रतिष्ठा करतात ती अशीच असणार.

उभ्या आयुष्यात अकरा कॅसेटींना तुम्ही तो मान दिलात. एक शहनाईची, दोन नाट्यपदांच्या, अभंगांच्या तीन, बाकी सिनेमाच्या आणि एक आपल्या गल्लीतल्या बायकांची. गेले चार दिवस दुपारी मेथी निवडताना, शेंगा सोलताना मी एकेक लावते आहे. तुम्ही शिकवलं तसं ऐकते, म्हणजे आवडतं का हे न विचारता, कुठं ढिलं पडतंय ते शोधत. अकरातल्या दहांमध्ये मला खोट सापडली नाही. शहनाईच्या दुसऱ्या बाजूला वाटलं होतं सापडेल, पण नाही. तुमचा कान खरा होता, अण्णा. तो खरा होता म्हणून तर मला इतका राग आला आहे.

अकरावी ती बायकांची. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती. दुकानात बसून कॅसेटींच्या वेष्टनावर गाण्यांची नावं आणि मिनिटं लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर गोल. आईचं भजनी मंडळ पंचवटीत दर गुरुवारी बसायचं. रामनवमीला देवळाबाहेर विकायला त्यांची कॅसेट करायची असं ठरलं. दोन रविवार दुकानाचं शटर खाली ओढून, पंखा बंद करून, नऊ बायका घामाघूम होऊन गायल्या, साथीला एक मृदंगवाला. आठ भजनं, बाजूला चार-चार. आठवं माझं एकटीचं. आजीकडून आलेलं रामाचं, जे तिनं जात्यावर म्हटलं, आईनं पाळण्यावर म्हटलं आणि मी तुमच्या त्या मायक्रोफोनसमोर म्हटलं. संपल्यावर तुम्ही कानावरचा हेडफोन काढला आणि मान खाली घालून त्याची वायर गुंडाळायला लागलात. मला वाटलं, भरून आलं असेल.

कॅसेट आली तेव्हा तिच्यावर सात भजनं होती. मी विचारलं, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जागा उरली नाही." मिनिटं मीच लिहीत होते, अण्णा. बी बाजूला सव्वाचार मिनिटं कोरी होती, आणि माझं भजन सव्वाचारच मिनिटांचं. मी वेष्टनावर सातच नावं लिहिली. मग रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी ते देवळाबाहेरचे फुलवाले काका आले. "अण्णा, कॅसेट झकास! पण शेवटी नुसतं खर्रर्र वाजतंय हो, कोरीच राहिली." तुम्ही मला नावं लिहायला दिली होती, मी तिथंच स्टुलावर. तुम्ही म्हणालात, "कोरी राहिलेली बरी. पडेल गाणं नको." ते हसले, तुम्हीही हसलात. आणि माझ्यासमोर चिमटा घेऊन तुम्ही त्या कॅसेटीच्या पट्ट्या मोडल्यात.

तेव्हापासून मी गाणं म्हणत नाही. पिंपळगावला लग्न होऊन गेले, तिथं पहिल्याच आठवड्यात द्राक्षं निवडायला बायका बसल्या होत्या, सासूबाई गात होत्या, सगळ्या मागून धरत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "नवरी, तुला काय म्हणता येतं का गं? आमच्यात समद्या म्हणत्यात. लाजू नको, इथं कोन परीक्षा घेतंय?" मी म्हटलं, "मला येत नाही." त्या म्हणाल्या, "नाशकाची अन् येत नाय? मग शिकवलं काय बापानं?" बायका हसल्या. मी पेटीत कागद अंथरत राहिले. पुढे आम्ही नाशकात आलो, कॉलनीत मंडळ निघालं, आज सव्वीस वर्षं मी त्या मंडळाची वर्गणी लिहिते, टाळ वाजवते, प्रसाद वाटते. तोंड उघडत नाही. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवते. देवापुढे हे असं खोटं रोज केलं, त्याचा हिशेब कुठल्या पानावर लिहायचा?

आता बारावी कॅसेट. तिच्यावर नाव नाही, पट्ट्या शाबूत. वाटलं, कोरी असेल, मंडळाला उपयोगी पडेल. लावली. खोकल्याचा आवाज, बांगड्या, आणि मग मी. अठरा वर्षांची मी. हातातली मेथी तशीच राहिली. तुम्ही शिकवलेल्या कानानं ऐकलं, दयामाया न करता. दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडेल असं वाटलं, पडला नाही. शेवटचा वरचा स्वर इतका सरळ लागला की मला माझीच लाज वाटली. पडेल नव्हतं ते, अण्णा. तुमची शपथ घेऊन सांगते. तुमच्या त्या सात भजनांतलं तिसरं पडेल आहे, मृदंगवाला दोनदा पुढे पळालाय, आणि तरी तुम्ही पट्ट्या मोडल्यात.

माझं संपलं. मी पाणी प्यायला बाहेर गेले असेन. तुम्ही मशीन बंद करायला विसरलात. तुम्ही, जे गिऱ्हाइकाची शिंकसुद्धा गाण्यात येऊ देत नव्हतात! आधी आईचा आवाज आला.

"किती गोड झालं हो."

"झालं."

"मग असं तोंड का केलंत?"

"हे नाही घालायचं."

"का? चुकलं का कुठं?"

"चुकलं असतं तर घातलं असतं, कोण गातंय म्हणून कुणी विचारलं नसतं. येत्या रविवारी पिंपळगावची मंडळी बघायला यायचीत. मुलीचा आवाज देवळाबाहेर विकायला ठेवलाय म्हणतील."

"अहो, रामाचंच तर आहे."

"रामाला कॅसेटीवाचून ऐकू येतं."

"आणि तिला काय सांगू?"

"सांग, जागा उरली नाही."

मग खट्. एवढंच.

त्यावर मी काय करावं? तुम्ही ती कॅसेट जपलीत. कोरी कॅसेट वाया घालवणारे तुम्ही नव्हेत, लग्नातल्या सनईवर भूपाळ्या भरून विकल्यात तुम्ही, तरी हिच्यावर काही भरलं नाहीत. धाकटा फोनवर म्हणाला, "बघ ताई, अण्णांचा जीव होता तुझ्यावर." मी म्हटलं, "जीव असू दे, मला खरं हवं होतं." जपून ठेवली म्हणून मी ते विसरावं असं मला वाटत नाही. मला लग्नासाठी गप्प केलं असतंत, तसं तोंडावर सांगितलं असतंत, तर मी चार दिवस रडले असते आणि सासूबाईंसोबत द्राक्षांच्या शेडमध्ये गायले असते. मला माझ्या आवाजाचीच शंका दिलीत. ज्या एका गोष्टीत तुम्ही कुणाची भीड ठेवली नाहीत, तिथंच माझ्याशी खोटं बोललात. आणि ज्यांच्या भीतीनं बोललात, त्या घरातल्या सगळ्या बायका गात होत्या.

माझंही एक राहिलंय. तुमच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे सत्यनारायण होता. आरती झाली, तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. म्हणालात, "ते म्हण ना आजीचं. रामाचं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे म्हणाले, "म्हण की, अण्णा एवढे म्हणतायत तर." मी प्रसादाच्या द्रोणांवरून नजर न काढता म्हटलं, "जागा उरली नाही, अण्णा." बाकीच्यांना कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही द्रोण घेतलात आणि शिरा न खाता तसाच खाली ठेवलात. तेव्हा मला बरं वाटलं होतं. अजूनही ते आठवलं की सगळंच काही वाईट वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

काल दुपारी खिडक्या लावून मी ते म्हणून पाहिलं. वरचा स्वर आता लागत नाही. फाटतो.

तर प्रश्न असा आहे. या बाराव्या कॅसेटीत गाणं एकच आहे आणि ते चोख आहे. त्याच्या पाठीमागे तुमचं बोलणं आहे, आणि कॅसेटीत पडेल काही असेल तर ते तेवढंच. पट्ट्या शाबूत आहेत. तुमच्या नियमानं मी त्या बोलण्यावर कोरं भरून ते पुसून टाकायला हवं, आणि मगच चिमटा लावायला हवा. चिमटा स्वयंपाकघरातला चालतो, करून पाहायची गरज नाही. पण सगळ्या नाशकाचे आवाज भरून ठेवणाऱ्या माणसानं स्वतःचा कुठंच ठेवला नाही. धाकट्याला विचारलं, मी आठवून पाहिलं, फोटो आहेत, आवाज नाही. तो या कॅसेटीतच आहे, तेवढ्या चारसहा वाक्यांत. आणि खरं सांगायचं तर या चार दिवसांत माझं गाणं मी दोनदाच ऐकलं. त्याच्या पुढचं किती वेळा मागे फिरवलं ते मोजलेलं नाही.

हे पत्र घडी करून कॅसेटीच्या डबीत ठेवते आहे, दुसरीकडे कुठं टाकणार? पुसू की पट्ट्या मोडू, एवढं मात्र उलट टपाली कळवावं.