माझ्याच वेळी बिघडणारं यंत्र

४ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर २४६. शंभराच्या आसपास हवी म्हणे. म्हणजे जवळजवळ अडीच पट! वजनमापे निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या काट्यांवर अविश्वास ठेवून पगार घेतला आहे. काटा अडीच पट दाखवतो तेव्हा माल वाढलेला नसतो, काटा बिघडलेला असतो. हे डॉक्टरांना समजावून सांगितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज चाला म्हणाले, डोळेही दाखवून घ्या म्हणाले. डोळ्यांचा साखरेशी काय संबंध, असं विचारलं तर आहे म्हणाले. पुरावा मागितला तर बाहेर पेशंट थांबलेत म्हणाले.

डॉक्टरांच्या खिशाला त्याच लॅबचं नाव छापलेलं पेन होतं. पाणी कुठेतरी मुरतंय.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
वाचनालयातून विज्ञानावरचं जाडजूड पुस्तक आणलं. पान १९ : एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मी सकाळपासून दुसरं काय म्हणतोय? पुस्तक मिटलं. गोळ्या कपाटावर ठेवल्या. आधी सिद्ध करा, मग गिळतो.

सासूबाई गेली तीन वर्षं आमच्याकडेच असतात. त्यांनाही साखर आहे, बारा वर्षांपासून. हातात चुंबकाचं कडं असतं. त्यावर मी आजवर बरंच बोललो आहे. आजही बोललो. त्या हसल्या. श्रद्धाळू माणसं हसतातच.

७ फेब्रुवारी
लॅबवर धाड. आमच्या खात्याची जुनी पद्धत. सकाळी सातला माझ्या नावाने रक्त दिलं. साडेसातला टोपी आणि मफलर घालून पुन्हा गेलो, मेव्हण्याच्या नावाने. फॉर्मवर फोन नंबर लागतो, तोही त्याचाच दिला. रक्त घेणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, मगाशी डाव्या हातातून घेतलं, आता उजवा द्या. वेषांतरात सुधारणेला वाव आहे.

रिपोर्ट : मी २५१, मेव्हणा २४७. एकाच माणसाच्या रक्तात चारचा फरक! लॅब उघडी पडली. घरी पेढे, म्हणजे बिस्किटं. चार.

८ फेब्रुवारी
लॅबने मेव्हण्याला फोन करून साखर कळवली. तो बहिणीकडे रडला. आजपासून पहाटे चालणार आहे. त्याला खरं सांगायला हवं. प्रयोग पूर्ण झाला की सांगेन.

११ फेब्रुवारी, सकाळी ७
घरी स्वतःचं मशीन आणलं. एका वहीत रकाने आखले : तारीख, आकडा, शेरा, निरीक्षकाची सही. बायकोला टोचलं, ९१. सासूबाई, ११२. मी, २५८. मशीन नवीन आहे, त्या दोघींच्या वेळी नीट चालतं, फक्त माझ्याच वेळी बिघडतं. असा दोष सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता.

पुस्तक म्हणतं, सरासरी काढा. काढली. घराची सरासरी १५४. हे काही २५८ नव्हे. शेजाऱ्यांनी बोटं पुढे केली असती तर अजून खाली आली असती, पण त्यांनी दार लावून घेतलं. शेरा : समाधानकारक. सही केली.

१५ फेब्रुवारी
एका फळवाल्याचा काटा सत्तर ग्रॅम खाऊन बसलेला. वर मला सांगतो, साहेब, माझे बाकीचे दोन काटे चोख आहेत, तिघांची सरासरी काढा ना. अरे, गिऱ्हाईक काय सरासरी घरी नेतं? नाचता येईना, अंगण वाकडं! केस केली. लोक स्वतःला किती फसवतात याचं नवल वाटतं.

१९ फेब्रुवारी
ऑफिसातल्या ट्यूब बदलाव्यात म्हणून अर्ज केला. उजेड मंद झाला आहे. पेपरवालेही शाई वाचवायला लागलेत. पुस्तक पान १९च्या पुढे सरकत नाही, टाइप इतका भिकार. तहान फार लागते. बायको सारखी माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बघते. बिस्किटांचा डबाही मोजून ठेवत असावी. आज मुद्दाम दोन खाल्ली आणि अर्धं परत ठेवलं, म्हणजे हिशेब लागणार नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, अहो, माझ्यासाठी तरी गोळी घ्या. पुराव्याऐवजी भावनेला हात घालणं, हा वादातला जुना डाव आहे. मी पेपर उघडला. ती बराच वेळ ओट्याशी उभी होती.

२२ फेब्रुवारी
एक विचित्र निरीक्षण. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, कडं बेसिनवर होतं. केवळ खंडन करण्यासाठी तासभर घातलं. आकडा २३१! सत्तावीसने खाली. (काल पोट बिघडल्यामुळे जेवलो नव्हतो. पण त्याचा इथे संबंध नाही.) मी या गोष्टी मानत नाही. पण डेटा म्हणजे डेटा.

संशोधनासाठी म्हणून कडं आठवडाभर मागितलं. सासूबाई आधी बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, हे माझ्या गेलेल्या भावाने दिलेलं, म्हणून घालते. साखरेची गोळी मी रोज घेते, घड्याळ लावून. चुंबकाने साखर उतरली असती तर मी फ्रिजच्या दाराला टेकून नसते का बसले?

बारा वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं, हा तांत्रिक मुद्दा झाला.

२७ फेब्रुवारी, दुपार
कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची तपासणी. दुकान वडिलांच्या वेळचं, तबकडीचा काटाही तेव्हाचाच. आमचं पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं. काटा एक रेघ मागे. पन्नास ग्रॅम! दुकानदार म्हणाला, साहेब, जरा वाकून नीट बघा. सगळे हेच म्हणतात. माझ्याबरोबरच्या मॅडम म्हणाल्या, सर, मला तर बरोबर वाटतोय. त्यांची नोकरी वीस वर्षांची, माझी सत्तावीस. काट्याला सील ठोकलं. गिऱ्हाइकांसमोरच, म्हणजे इतरांना धडा मिळेल.

दुकानदाराचा चेहरा पडला. गुन्हेगाराचा पडतोच.

२८ फेब्रुवारी
मेव्हणा तीन किलोने उतरला. रोज पाच किलोमीटर चालतो. मला म्हणाला, दाजी, तुम्हीही या. मी म्हटलं, माझा अजून अभ्यास चालू आहे.

५ मार्च, संध्याकाळी ६
दुकानदाराने तक्रार केली होती. आमच्या वरच्या साहेबांनी काटा ऑफिसात मागवला. मॅडमनी पाच किलो ठेवलं, पाच म्हणाल्या. साहेबांनी वाकून पाहिलं, पाच म्हणाले. मी पाहिलं. एक रेघ कमी. साहेबांनी दोन किलो ठेवलं. मला एक रेघ कमी. मॅडम हळूच म्हणाल्या, सर, डावा डोळा झाका. झाकला. तबकडीच्या मधोमध एक डाग होता, आणि त्यात काटा दिसत नव्हता. मी ट्यूबकडे बोट दाखवलं. ट्यूब कालच बदलल्या होत्या, माझ्याच अर्जावरून.

मॅडमनी वजनं परत खोक्यात ठेवली.

दुकानदार आवाज न चढवता म्हणाला, सहा दिवस लोक मला चोर समजत होते. मुलीच्या वर्गातली मुलंसुद्धा बोलली. मग म्हणाला, साहेब, माझ्या वडिलांनाही साखरेमुळे शेवटी शेवटी काटा एक रेघ मागेच दिसायचा. ते गिऱ्हाइकाला मूठभर जास्त घालायचे. तुम्ही सील लावलंत.

मला फार लाज वाटली. माफी मागितली, सगळ्यांसमोर. उद्या त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर पुन्हा मागायची आहे. सील मी त्यांच्यासमोरच लावलं होतं.

७ मार्च
काल माफी मागून आलो. तिथे उभी असलेली एक आजीबाई म्हणाली, आम्हाला ठाऊकच होतं हो, हा कशाला मापात पाप करेल. म्हणजे दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझ्याआधी ठाऊक होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बायको घेऊन गेली. साखरेने पडद्याला इजा केली आहे. महिन्यापूर्वी यायला हवं होतं, म्हणाले. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, उरलेलं सांभाळायचं. पुरावा मागितला नाही. त्यांनी आपणहून फोटो दाखवला. मला नीट दिसला नाही.

तपासणीचं काम साहेबांनी तूर्त मॅडमकडे दिलं.

९ मार्च, सकाळी ७
कपाटावरची गोळ्यांची पाकिटं खाली काढली. धूळ बसली होती. गजर लावला. सासूबाई आणि मी आता एकाच वेळी गोळी घेतो. त्यांनी घड्याळाकडे बघून मान हलवली, तेवढंच.

मेव्हण्याचा फोन आला. त्याने पुन्हा तपासलं, साखर ८८. नुसत्या चालण्याने उतरली म्हणून आनंदात आहे, चार लोकांना चालायला लावलंय त्याने. त्याला खरं सांगणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, दाजी, उद्या पहाटे साडेपाचला खाली येतो, तयार राहा. बरं म्हटलं.

मग मशीन. आकडा मला लागेना. बायकोने वाचला, २४९. सवयीने वाटलं, दुसऱ्या साक्षीदाराला विचारावं. सासूबाईंनी वाचला, २४९.

वहीत नोंद केली. यंत्र : बरोबर. नग : सदोष, दुरुस्तीस पाठवला. निरीक्षकाची सही कुठे करायची, ते बायकोने रकान्यावर बोट ठेवून दाखवलं.